पावती फाडायला कोणी येतंय का?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नवीन लेबर कोड म्हणजे नवे कामगार कायदे लागू झाल्यापासून आपल्या पेपरात बरंच छापून येतंय, कधी मंत्र्यांचं, कधी युनियनच्या नेत्यांचं, कधी कारखानदारांचं, आणि मी ते सगळं चष्मा लावून दोन-दोनदा वाचतो कारण माझं आयुष्यच त्यात गेलंय. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफची चलानं, ईएसआयची कार्डं, ठेकेदारांची बिलं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याचं कारण शेवटी येईलच. मी काही युनियनचा माणूस नाही, उलट टाइम ऑफिसवाला म्हणजे कामगारांच्या नजरेत साहेबांचाच माणूस, चहाला बोलवायचे पण मी आलो की विषय बदलायचे. तरी आज युनियनवाल्यांबद्दलच लिहायचंय आणि थोडं रागावूनच लिहायचंय.

झालं असं की मागच्या रविवारी भाचा घरी आला. पोहे-जलेबी झाली, चहा झाला, आणि हा मोबाइल पुढे करून म्हणतो, मामा हे बघा, आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळणार, माझी तर तीन वर्षं झाली, किती होतील? कोणीतरी रील पाठवली होती त्याला. मी म्हटलं तुझं अपॉइंटमेंट लेटर दाखव. तर म्हणे कसलं लेटर? पोरगा आयटीआय फिटर आहे, तीन वर्षं एकाच मशीनवर उभा आहे, पण कागदावर तीन वेगवेगळ्या ठेकेदारांकडे काम करून झालंय त्याचं. अकरा महिने झाले की आठवडाभर घरी बसवतात, त्याला ब्रेक म्हणतात, परत बोलावतात तेव्हा गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं नाव नवीन असतं. सुपरवायझर तोच, मशीन तेच, कँटीनची पातळ डाळ पण तीच. माझ्या वेळेस मी स्वतः असे ब्रेक रजिस्टरमध्ये चढवलेत, तेव्हा काही वाटलं नाही, आता घरचाच पोरगा त्या रकान्यात जाऊन बसला तेव्हा वाटायला लागलं, माणसाचं असंच असतं.

तर त्याला समजावलं की बाबा, वर्षभरात ग्रॅच्युइटी ही फिक्स्ड टर्मवाल्यांना आहे, म्हणजे ज्यांच्याशी लेखी करार करून ठराविक मुदतीसाठी घेतलंय त्यांना, तुझ्याकडे लेखी म्हणून आहे काय? गेटपास. आता नवीन कायद्यातच असंही लिहिलंय की प्रत्येक कामगाराला अपॉइंटमेंट लेटर दिलंच पाहिजे, तेव्हा आधी ते माग. तो हसला. म्हणे मागायला गेलो तर दुसऱ्या दिवशी पंचिंग मशीन माझा अंगठाच घेणार नाही. मी म्हटलं, एकट्याने नाही जायचं रे, युनियनमार्फत मागायचं, तर तो जे बोलला त्याच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो. तो म्हणाला, मामा, युनियन तर पर्मनंटवाल्यांची असते ना?

सव्वीस वर्षांचा पोरगा, इंदूरमध्ये जन्मलेला, ज्याच्या आजोबांनी कापड मिलमध्ये जन्म काढला, आणि त्याला असं वाटतं की युनियन ही बढती मिळाल्यावर मिळणारी एक सवलत आहे, कँटीनच्या कुपनासारखी.

आता कोडविषयी युनियनवाले जे बोलतात ते चूक आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. 29 जुने कायदे गुंडाळून चार कोड केले, वेतनाचा 2019 चा आणि बाकीचे तीन 2020 चे, पाच वर्षं तसेच ठेवले आणि 21 नोव्हेंबर 2025 ला लागू केले. त्याच्या आधीच 9 जुलैला देशभर हरताळ झाला होता, लागू झाल्यावर 26 नोव्हेंबरला परत निदर्शनं झाली, भारतीय मजदूर संघ मात्र वेगळा राहिला, त्याने स्वागत केलं. संपाचंच घ्या. आधी पाणी, वीज, रेल्वे असल्या सेवांमध्येच नोटीस द्यावी लागायची, आता कुठल्याही कारखान्यात 14 दिवस आधी नोटीस हवी, आणि समेटाची बैठक सुरू झाली की ती चालू असेपर्यंत आणि नंतर सात दिवस संप करायचा नाही. आता बैठकीला तारखांवर तारखा द्यायच्या म्हटलं तर किती देता येतात हे लेबर ऑफिसच्या बाकावर ज्याने फायली धरून दिवस घालवलेत त्याला विचारा, म्हणजे मला. आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी सीएल म्हणजे किरकोळ रजा टाकली तर तो पण संपच. आमच्याकडे एकदा दिवाळीच्या बोनसवरून असं झालं होतं, एकशे दहा सीएलचे फॉर्म एकाच सकाळी माझ्या टेबलावर, कोणाची आजी वारलेली, कोणाला ताप, आजी वारलेलेच तेवीस निघाले, मॅनेजर साहेब लालबुंद, पण कायद्याने कोणाला काही करता आलं नाही. आता करता येईल. बेकायदा संपाला हजार ते दहा हजार दंड किंवा महिनाभर कैद, आणि भडकवणाऱ्याला दहा हजार ते पन्नास हजार.

कपातीचं आणि कारखाना बंद करायचं पण तसंच, केंद्राच्या जुन्या कायद्यात 100 कामगार असले की सरकारची परवानगी लागायची, आता 300. स्टँडिंग ऑर्डरची मर्यादा पण 300 केली, म्हणजे त्याहून लहान कारखान्यात गैरवर्तन कशाला म्हणायचं आणि शिक्षा काय द्यायची याचं मंजूर पुस्तकच असायची गरज नाही, एचआरवाल्या मुलीचा व्हॉट्सॲप मेसेज हाच कायदा. यावर युनियनने ओरडलंच पाहिजे.

पण ओरडून झाल्यावर काय? मुंबई-दिल्लीचे नेते ओरडतायत, आमच्या इंदूरचे पण रीगल चौराह्यावर बॅनर धरून उभे राहतात, फोटो येतो, त्यात डोकी मोजा, सगळी पांढरी. मी पण पांढऱ्या डोक्याचाच आहे म्हणून बोलतो. पीथमपूरमध्ये बिल्डिंगा बदलल्या, मशिनी बदलल्या, मी लागलो तेव्हा ठेक्याची माणसं म्हणजे कँटीन, बाग आणि माल चढवणारे, आणि निवृत्त झालो तेव्हा खुद्द लाइनवर तिघांतले दोघं ठेक्याचे. आणि युनियनचं मेंबर करायचं पावती पुस्तक मात्र त्या तिसऱ्याकडेच फिरतंय.

आता ही गोष्ट नवीन कायद्यात कशी अडकते ते सांगतो, हे मला पेपरात कुठे नीट वाचायला मिळालं नाही. कोडमध्ये निगोशिएटिंग युनियन नावाची चीज आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या म्हणजे हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा जिला पाठिंबा तिच्याशीच मालकाने बोलायचं, आणि कोणाकडेच 51 नसतील तर 20 टक्क्यांच्या वरच्या युनियनांची कौन्सिल करायची. बोलायचंच, हे बंधन आहे. हे थोडंथोडकं नाही हो. पीथमपूरहून हाकेच्या अंतरावर महू, जिथे डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला, ते 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लेबर मेंबर, म्हणजे कामगारमंत्र्यासारखे होते आणि 1943 मध्ये त्यांनी युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे असं बिल आणलं होतं. पुढे 1947 मध्ये तसा कायदा पास पण झाला आणि कधीच लागू केला नाही, कागदावर राहिला. आपल्या मध्य प्रदेशात 1960 च्या कायद्याने काही उद्योगांत प्रतिनिधी युनियन असायची, महाराष्ट्र-गुजरातकडे पण तसं होतं, पण अख्ख्या देशाला म्हणून हे पहिल्यांदाच आलंय. ज्या कोडला युनियन शिव्या देतात त्यातच युनियनची सगळ्यात जुनी मागणी एका कोपऱ्यात बसलीय.

आणि गोम कुठाय, तर मस्टर या शब्दात. कारखान्याच्या मस्टरवर पर्मनंट, ठेक्याचे मात्र ठेकेदाराच्या मस्टरवर. म्हणजे तीनशे माणसं आत काम करत असतील आणि त्यातली शंभर मस्टरवर, तर एक्कावन्न जणांच्या पाठिंब्यावर युनियनला मान्यता, ऑफिसात पंखा, नोटीस बोर्ड, साहेबांबरोबर चहा. उरलेले दोनशे मोजणीतच नाहीत. मला भीती ही वाटते की पुष्कळ युनियनांना हे चालेल, सोयीचंच वाटेल, मागच्या पंधरा वर्षांतले माझ्या डोळ्यासमोरचे सगळे पगारकरार असेच झाले, पर्मनंटचे चार हजार वाढवायचे आणि तो खर्च कुठून काढायचा तर आणखी वीस जागा ठेक्यावर देऊन, दोन्ही बाजूंच्या सह्या, पेढे. ते कागद मीच टाइप करवून घेतलेत.

आमचे वडील मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते, आधी सहा वर्षं बदली. बदली म्हणजे रोज भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचे, नाहीतर घरी. म्हणजे आजच्या भाच्यासारखेच कच्चे. पण युनियनची पावती त्यांच्याकडे बदली असल्यापासून होती, आणि एक नाही दोन, एक मान्यता असलेल्या युनियनची आणि एक लाल झेंड्याची. आई चिडायची की दोघांना कशाला चंदा, तर म्हणायचे एक कामासाठी आणि एक मनासाठी. कामगार नेते होमी दाजींचं भाषण असलं की रात्री जेवण उशिरा, हे घरात ठरलेलं. दाजी 1962 ला इथून लोकसभेत गेले, कामगारांच्या जिवावर गेले, आता इंदूरमधून कोणी कामगारांचा माणूस उभा राहिला तर डिपॉझिट वाचवण्याचीच काळजी.

तेव्हा सोपं होतं असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट सोपी होती, माणसं सापडायची. मालवा मिल, पाटनीपुरा, परदेशीपुरा, मिलच्या भोवतीच राहायचे सगळे, पाळी सुटली की पायी निघायचे आणि चौकात कोणी पेटीवर उभा राहिला की पाचशे लोक जमायचे. आता पीथमपूरच्या गेटवर सभा घेऊन बघा. कंपनीच्या बसा राजेंद्र नगरहून, राऊहून भरून येतात आणि सरळ आत जातात, खिडकीच्या काचा बंद, एसी नसला तरी बंद. आणि ठेक्याची पोरं बिहार, यूपी, झाबुआ, धारची, एका खोलीत सहा, तीन दिवसपाळीचे आणि तीन रात्रपाळीचे, गादी कधी थंड होत नाही. त्यांना युनियन भेटणार तर खोलीवर भेटणार, बस स्टॉपवर भेटणार, नाहीतर त्या किराणावाल्याकडे ज्याच्याकडे सगळ्यांची उधारी असते. शुक्रवारी दुपारी चार वाजता जेल रोडच्या ऑफिसात नाही भेटणार.

मला उत्तर देतील की भाऊसाहेब, ठेक्याच्या माणसाला मेंबर केला की त्याला काढून टाकतात, मग आमच्यावरच येतं. खरंय. मी स्वतः गेट बंदच्या याद्या टाइम ऑफिसातून सिक्युरिटीला पाठवल्यात, फोनवर सांगितलं जायचं, लेखी नाही. पण म्हणून तर कागद आधी पाहिजे ना! लेटर मागा, पेस्लिप मागा, सगळ्यांची एकदम मागा, एकट्या पोराच्या नावाने मागू नका. कोडमध्ये असंही आहे की नोकरी सुटली, सोडली किंवा काढली तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब द्यायचा. दोन दिवस! आमच्याकडे फुल अँड फायनलला दोन महिने लागले तर लवकर झालं म्हणायचे. जी युनियन आज एका ठेकेदाराकडून वीस पोरांचा हिशोब दोन दिवसांत काढून देईल तिच्याकडे एकविसावा आपण होऊन येईल. ठेकेदाराने नाही दिला तर मूळ मालकाने द्यायचा हे पण कायद्यात आहे, आधी पण होतं आणि आता पण. आणि ज्या मुख्य उत्पादनासाठी कारखाना काढलाय त्या कामावर ठेक्याची माणसं लावायची नाहीत असं पण लिहिलंय, त्याला पळवाटा तीन-चार ठेवल्यात, आणि हा भाग 50 ठेका कामगारांच्या खाली लागतच नाही, पूर्वी 20 होते, म्हणजे प्रत्येकी एकोणपन्नासचे ठेके दिसायला लागतील बघा. पण विचारा तरी! माझा भाचा ज्या मशीनवर आहे ते मुख्य काम नाही तर काय बागकाम आहे?

किमान वेतनाचं तर इंदूरच्या लोकांना ताजं आहे. पाच वर्षांत दर बदलायलाच हवेत असा 1948 चा कायदा होता, आपल्या राज्यात 2014 नंतर थेट एप्रिल 2024 मध्ये बदलले, लोकांनी वाढीव पगार हातात घेतला न घेतला तोच मे महिन्यात इंदूर खंडपीठातून स्टे आला आणि वाढलेले पैसे परत खाली. डिसेंबरमध्ये स्टे उठला, त्यात युनियनवाले कोर्टात उभे राहिले होते, त्यांना सलामच. पण सांगा, ते पैसे कोणाला मिळायचे होते? पर्मनंटला नाही, त्यांचा पगार किमान दराच्या वरच असतो. मिळायचे होते ते ठेक्याच्या, दुकानातल्या, सिक्युरिटीतल्या माणसांना. म्हणजे ज्यांच्यासाठी युनियन कोर्टात भांडली ते युनियनचे मेंबरच नाहीत आणि त्यातल्या निम्म्यांना हे माहीतही नाही की कोण भांडलं. भाच्याला वाटतं सरकारने वाढवले.

बायकांबद्दल दोन ओळी लिहितो, खरं तर वेगळं पत्र होईल. आमच्या गल्लीतल्या चार जणी पीथमपूरला औषधांच्या पॅकिंगला जातात, एकाच मॅजिक गाडीत. आता संमती असली तर बायकांना रात्रपाळी देता येते. संमती! जॉइनिंगच्या दिवशी सहा-सात कागदांवर सह्या घेतात, त्यातल्या एकावर ही पण असेल, वाचतंय कोण. त्या चौघी आणि आणखी अकरा जणी मिळून भिशी चालवतात, सात वर्षं झाली, एक हप्ता चुकला नाही, कोणाचा नवरा वारला तेव्हा तिचा नंबर नसताना तिला आधी उचलू दिली. मी हिला म्हटलं, ही बघ खरी युनियन, नुसतं रजिस्ट्रेशन बाकी आहे. (ही म्हणाली तुमच्या युनियनवाल्यांना आमच्या भिशीत घेऊ नका म्हणावं, हिशोब बिघडेल.) एका पण युनियनच्या कमिटीवर पीथमपूरची बाई असलेली मी बघितली नाही.

आणि ते छप्पन दुकानच्या खाऊगल्लीबाहेर बाइक लावून ऑर्डरची वाट बघत बसलेले पोरं, त्यांच्यासाठी सोशल सिक्युरिटीच्या कोडमध्ये ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे असं आहे, पण कामगार म्हणून त्यांना मोजलंच नाहीये, त्यामुळे निगोशिएटिंग वगैरे त्यांच्या वाट्याला काहीच नाही. त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप मात्र जोरात असतात, एका इन्सेंटिव्हवरून अर्ध्या तासात शंभर पोरं ॲप बंद करून बसतात. पावती नाही, झेंडा नाही.

हुकुमचंद मिलचं लिहिल्याशिवाय इंदूरचं पत्र पुरं कसं होणार. 12 डिसेंबर 1991 ला मिल बंद झाली, 5,895 कामगार, आणि पैशाचा चेक निघाला 25 डिसेंबर 2023 ला, 224 कोटींचा. बत्तीस वर्षं. पुष्कळसे तोवर गेले, काहींच्या विधवा पण गेल्या. लोक याला युनियनचं अपयश म्हणतात, मी नाही म्हणत. मिल नाही, पगार नाही, चंदा नाही, तरी ती म्हातारी माणसं दर रविवारी जमत राहिली आणि केस सोडली नाही. मिलच्या झांक्या म्हणजे सजवलेले देखावे पण अजून निघतात ना अनंत चतुर्दशीला, मिला बंद होऊन वीस-तीस वर्षं झाली तरी, चंदा गोळा करून, रात्रभर जागून. ज्या शहरात बंद पडलेल्या मिलचे कामगार बत्तीस वर्षं एकत्र राहू शकतात त्या शहरात चालू कारखान्याचा पोरगा विचारतो की युनियन पर्मनंटवाल्यांची असते ना. आता तर कामावरून काढलेल्या कामगाराला दाद मागायला तीनऐवजी दोनच वर्षं दिलीयत. त्याला हे कोण सांगणार?

तेव्हा आपल्याला एक विनंती. आपण रोज सराफ्याचे भाव छापता, मंडीचे छापता, तिथी-नक्षत्र छापता. त्याच्या खालीच महिन्यातून एकदा किमान वेतनाचे दर छापा, अकुशल, अर्धकुशल, कुशल, रोजाचे आणि महिन्याचे, आणि लेबर ऑफिसचा पत्ता. जागा पाच ओळींची लागते. आणि इंदूरच्या सगळ्या युनियनवाल्यांना, कुठल्याही रंगाच्या झेंड्यावाल्यांना, आपल्या पेपरातून माझा निरोप द्या की राऊच्या चौराह्यावर रोज सकाळी सहा ते सव्वासहा आणि संध्याकाळी साडेसहाला ठेक्याची पोरं बसची वाट बघत उभी असतात, चहाच्या टपरीशी. मी सकाळी फिरायला तिकडेच जातो. पावती पुस्तक घेऊन या, पहिला चहा माझ्याकडून, आणि कोण कुठल्या ठेकेदाराकडे ते मी ओळखून सांगेन, तेवढं टाइम ऑफिसने शिकवलंय.

नाव छापू नका. पेन्शनीत निघालेल्या माणसाला कोणी काही करत नाही, पण भाचा अजून तिथेच आहे आणि त्याचा ब्रेक पुढच्या महिन्यात येतोय.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिसवाला
सुदामा नगर, इंदूर